दारात आलेला वेल्फेअर इन्स्पेक्टर

(मंडळाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याच्या ओघातली काही वाक्यं छपाईसाठी कमी केली आहेत.)



या व्यासपीठावर दरवर्षी प्राध्यापक बोलतात, डॉक्टर बोलतात. मी रेल्वेतला डिप्लोमावाला इंजिनिअर. दिवसभर रूळ, स्लीपर आणि खडी यांच्याशी बोलणारा. त्यामुळे सेक्रेटरींनी विचारलं तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. मग ते म्हणाले, "तुम्ही त्या पीएफच्या भानगडीबद्दल मला सांगितलं होतंत ना, तेच सगळ्यांना सांगा." म्हणून उभा आहे. विषयाचं भारदस्त नाव 'सामाजिक सुरक्षा'. पण मी माझ्या घरापासून सुरुवात करतो.

माझे वडील मिरजेला रेल्वेत गँगमन होते. १९९४ साली ते नोकरीत असतानाच गेले. मी तेव्हा चौदा वर्षांचा. आई चौथी शिकलेली. घरात शिल्लक काहीच नव्हती. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एक गृहस्थ सायकलवरून आमच्या क्वार्टरच्या दारात आले. हातात जाड फाईल. आई घाबरली. तिला वाटलं, क्वार्टर खाली करायला सांगायला आले. ते होते रेल्वेचे वेल्फेअर इन्स्पेक्टर. ओसरीवर बसले, चहा घेतला आणि एकेक फॉर्म काढून स्वतःच भरू लागले. पीएफचा, ग्रॅच्युइटीचा, विम्याचा आणि कुटुंब पेन्शनचा. "वहिनी, इथे सही करा. येत नसेल तर अंगठा चालेल." आईने सही केली. तिची सही मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

चार महिन्यांनी पेन्शन सुरू झाली. नियम असा होता की पहिली सात वर्षं पगाराच्या निम्मी आणि पुढे तीस टक्के. सात वर्षं संपली २००१ साली, आणि त्याच वर्षी माझा डिप्लोमा पूर्ण झाला. म्हणजे जो काही मी तुमच्यासमोर उभा आहे, तो त्या सात वर्षांच्या निम्म्या पगारावर उभा आहे. आई आज ७४ वर्षांची आहे. महिन्याच्या शेवटी तिची पेन्शन बँकेत जमा होते. मी तिला पैसे देऊ केले की ती म्हणते, "माझ्याकडे तुझ्या वडिलांचा पगार आहे अजून."

आता हे सगळं कुठून आलं? कुणी उदार होऊन दिलेलं नाही. रेल्वे कामगारांना पूर्वी पेन्शन नव्हती, फक्त प्रॉव्हिडंट फंड होता. पेन्शन आली ती १९५७ साली. त्यामागे आणखी मोठा इतिहास आहे, आणि त्याचं एक टोक आपल्या या म्हैसुरातच आहे.

१८७६ ते १८७८ या काळात दक्षिणेत मोठा दुष्काळ पडला. म्हैसूर संस्थानात माणसं रस्त्यावर मरत होती. तेव्हा दुष्काळी काम म्हणून जी कामं काढली, त्यातलं एक म्हणजे बंगळूर-म्हैसूर रेल्वेमार्ग. १८८२ साली गाडी म्हैसूरला पोचली. आज आपण दोन-अडीच तासांत बंगळूरला जातो, त्या मार्गाचा मूळ भराव भुकेल्या माणसांनी पोटासाठी टाकलेला आहे. त्याच वेळी आपल्या पुणे, सोलापूर, नगरकडेही दुष्काळी कामं चालू होती. तिथे सरकारने मजुरी उतरवली ती गड्याला दिवसाला एक पौंड धान्य आणि एक आणा. लोकांनी कामं सोडली, पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू लावून धरली. म्हणजे 'भुकेल्याला काम द्या आणि त्या कामाचा दाम पोटापुरता तरी द्या' हे भांडण दीडशे वर्षांचं आहे.

त्या भांडणाचा पुढचा अंक आमच्या सांगली जिल्ह्यात झाला. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ साली तासगाव तालुक्यातल्या विसापूरला एक प्रयोग केला, मागेल त्याला काम देण्याचा. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा महाराष्ट्रात एका वेळी सुमारे पन्नास लाख माणसं सरकारी कामांवर होती. पुढे १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. या योजनेला पैसा हवा म्हणून १९७५ साली शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसवला. मुंबईतल्या कारकुनाच्या पगारातून दरमहा थोडे रुपये कापले जायचे आणि माणदेशातली बाई बंडिंगच्या कामावर जायची. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नाही. सामाजिक सुरक्षा म्हणजे हेच. केंद्राचा २००५ चा रोजगार हमी कायदा याच धाग्यातून आला.

कारखान्यातल्या कामगारांच्या बाबतीतही एक आपलंच नाव आहे. १९४२ साली इंग्लंडमध्ये बेव्हरिज यांचा प्रसिद्ध अहवाल आला. पुढच्याच वर्षी हिंदुस्थानात कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखायचं काम प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे आलं. व्हाइसरॉयच्या कौन्सिलात त्या वेळी कामगार खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. आडारकरांनी १९४४ साली अहवाल दिला, आणि त्यातूनच १९४८ चा राज्य कर्मचारी विमा कायदा झाला, म्हणजे आपला ईएसआय. त्यापाठोपाठ १९५२ चा प्रॉव्हिडंट फंड कायदा. हे आणि असे जुने कायदे आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये एकत्र केले आहेत. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली.

इतिहास पुरे. आज काय आहे ते रेल्वेच्या भाषेत सांगतो. गाडी एकच आहे, पण डबे वेगळे आहेत.

पहिला डबा सरकारी नोकरांचा. त्यातही १ जानेवारी २००४ च्या आधी लागलेले आणि नंतर लागलेले असे दोन भाग पडले. मी २००५ ला लागलो, म्हणून मी एनपीएसमध्ये. माझ्या शेजारच्या टेबलावर २००४ च्या आधी लागलेला माणूस जुन्या पेन्शनमध्ये. १ एप्रिल २०२५ पासून आम्हाला युनिफाइड पेन्शनचाही पर्याय आला. पंचवीस वर्षं सेवा झाली तर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्मी रक्कम. यावर आमच्याकडे रोज वाद होतात, ते आज नकोत. भरती कधीची का असेना, आमची जागा रिझर्व्हेशनची आहे.

दुसरा डबा खासगी नोकरीतल्या लोकांचा. वीस किंवा जास्त माणसं असली की पीएफ, दहा किंवा जास्त असली की ईएसआय. पीएफमध्ये कामगाराचे बारा टक्के आणि मालकाचे बारा टक्के. मालकाच्या बारातले ८.३३ टक्के पेन्शन फंडात जातात. बऱ्याच जणांना माहीत नसतं की याच खात्याला एक विमा जोडलेला आहे, १९७६ पासून. कामगार नोकरीत असताना गेला तर घरच्यांना सात लाखांपर्यंत मिळू शकतात. कामगाराला त्यासाठी वेगळा हप्ता नाही.

तिसरा डबा ज्यांना मालकच नाही त्यांचा. देवराज मार्केटमधला फुलवाला, रिक्षावाला, आपल्या घरी येणारी स्वयंपाकाची बाई. त्यांच्यासाठी अटल पेन्शन आहे, १८ ते ४० वयात नाव घालायचं, साठीनंतर दरमहा एक ते पाच हजार. वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा आहे. ४३६ रुपयांत दोन लाखांचा जीवन विमा आहे.

चौथा डबा ज्याला काहीच भरता येत नाही त्याचा. रेशनचं धान्य, ज्याचा हक्क २०१३ च्या कायद्याने दिला. सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मानमध्ये पाच लाखांपर्यंत उपचार, ऑक्टोबर २०२४ पासून. कर्नाटकात ६५ वर्षांवरच्या गरिबांना संध्या सुरक्षा. कुटुंबप्रमुख बाईला दरमहा दोन हजार देणारी गृहलक्ष्मी योजना तर ३० ऑगस्ट २०२३ रोजी इथे म्हैसुरातच सुरू झाली. कुणाला ही योजना आवडते, कुणाला ती. त्यात मी पडत नाही. वृद्धांच्या पेन्शनमधला केंद्राचा वाटा ऐंशीच्या आतल्यांसाठी दरमहा फक्त २०० रुपये आहे, हे मात्र मनाला लागतं. बाकी राज्यं भरतात, कुठे जास्त, कुठे कमी.

आता मुख्य गोष्ट. ही सांगायची की नाही, यावर मी आठ दिवस विचार केला.

२०२२ सालची गोष्ट. मी तेव्हा म्हैसूरला नव्हतो. कुठे होतो आणि ठेकेदार कोण, ते सांगत नाही. माझ्या सेक्शनवर कंत्राटी मजूर खडी भरायचं, पॅकिंगचं काम करत. त्यातला एकजण बीदर जिल्ह्यातल्या औराद तालुक्याचा. घरी मराठी बोलणारा. त्यामुळे त्याची-माझी जरा जास्त ओळख. डबा खाताना मला म्हणायचा, "साहेब, तुमची मराठी लई शुद्ध, आमची काळ्या मातीची." सहा वर्षं तो त्याच रुळावर काम करत होता. ठेकेदार तीन बदलले, पण माणूस तोच.

एका रविवारी तो घरी झोपेतच गेला. बेचाळीस वर्षांचा. आठवड्याने त्याची बायको दोन मुलांना घेऊन माझ्या ऑफिसात आली. तिने विचारलं, "साहेब, रेल्वेकडून काही मिळतं का?" मी नियमाप्रमाणे बोललो. म्हटलं, "बाई, तो रेल्वेचा नव्हता, ठेकेदाराचा होता. मृत्यू कामावरही झालेला नाही. तरी त्याचा पीएफ असेल. ठेकेदाराला विचारा." ती गेली. दोन महिन्यांनी परत आली. ठेकेदाराने सांगितलं होतं, नाव जुळत नाही.

तेव्हा मी पहिल्यांदा कागद काढले. ठेकेदाराचं बिल पास करताना त्यासोबत पीएफचं चलन जोडलेलं असतं. ते पाहिल्याशिवाय मी सही करायची नसते. मी दर महिन्याला चलन पाहत होतो. चलन होतं, शिक्का होता, रक्कम होती. पण चलनासोबतची नावांची यादी मी मोजली नव्हती. आता मोजली. यादीत बावीस नावं. माझ्या साईटवर रोज एकतीस माणसं. शेवटच्या पाच महिन्यांत त्या औरादच्या माणसाचं नाव यादीत नव्हतंच. आणि त्या पाचही बिलांवर खाली माझी सही.

मंडळी, रुळाला तडा गेला तर मला रात्री दोन वाजता उठून जावं लागतं. दोन रुळांमधल्या अंतरात चार मिलिमीटरचा फरक पडला तरी मी वहीत नोंद करतो. आणि नऊ माणसं यादीतून गळाली होती, ती मला पाच महिने दिसली नाहीत. मी कागद तपासले, माणसं तपासली नाहीत.

तेव्हा लागू असलेल्या १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात स्पष्ट होतं की ठेकेदाराने मजुरी बुडवली तर मूळ मालकाने ती भरायची आणि ठेकेदाराकडून वसूल करायची. पीएफच्या कायद्यातही मूळ मालकाची जबाबदारी होती. मी वरिष्ठांना लेखी कळवलं, स्वतःची चूक धरून. ठेकेदाराचं शेवटचं बिल आणि अनामत रक्कम थांबवली. त्याने नऊही जणांची थकबाकी व्याजासह भरली. पुढे नावाचा घोळ. आधारवर एक स्पेलिंग, पीएफमध्ये दुसरं. जन्मसाल आधारवर एक, पहिल्या ठेकेदाराने टाकलेलं भलतंच. तीन ठेकेदारांचे तीन खाते क्रमांक. नॉमिनेशन कोणत्याच खात्याला नाही. रजा काढून मी तिच्याबरोबर पाच वेळा पीएफच्या कचेरीत गेलो. तिथली माणसं वाईट नव्हती. पण त्यांच्यासमोर कागद होता, आणि कागदावरचा माणूस आणि मेलेला माणूस एकच, हे सिद्ध करायचं काम तिचं होतं.

अकरा महिने लागले. शेवटी पीएफ मिळाला, विम्याचे साडेचार लाखांच्या घरात मिळाले. तिला दरमहा पेन्शन सुरू झाली आणि दोन्ही मुलांना पंचविशीपर्यंत त्या पेन्शनच्या चौथ्या हिश्शाइतकी वेगळी पेन्शन. म्हणजे व्यवस्था होती. पैसेही होते. कायदाही तिच्या बाजूचा होता. पण त्या अकरा महिन्यांत मोठ्या मुलाने नववीतून शाळा सोडली आणि बंगळूरला बांधकामावर गेला. पैसे आल्यावर मी त्याला फोन केला, परत ये म्हटलं. तो म्हणाला, "आता कशाला साहेब, कामाची सवय झाली." तो परत शाळेत गेला नाही.

माझ्या आईला चार महिने लागले, तिला अकरा. माझं शिक्षण झालं, त्याचं सुटलं. वयाने दोघं सारखेच होतो. दोघांचेही बाप रुळावर खडी भरणारे. फरक इतकाच की आमच्या दारात फाईल घेऊन एक माणूस आला होता, आणि त्यांच्या दारात कुणी गेलं नाही. जो जाऊ शकत होता, तो म्हणजे मी, त्याने पहिल्या दिवशी "ठेकेदाराला विचारा" म्हणून तिला परत पाठवलं.

त्या रात्री मी घरी येऊन स्वतःचे कागद काढले. हसू नका. माझं लग्न २००८ साली झालं. माझ्या एका खात्याचं नॉमिनेशन अजून आईच्या नावावर होतं. आम्हा एनपीएसवाल्यांना एक फॉर्म भरून द्यायचा असतो, सेवेत मृत्यू आला तर घरच्यांना जुन्या नियमाने कुटुंब पेन्शन हवी की जमा रक्कम. तो माझ्या कपाटात कोराच पडला होता. दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेणारा मी. सौभाग्यवती काही बोलल्या नाहीत. फक्त पेन आणून समोर ठेवलं.

म्हणून आज मी तुमच्यापुढे तीन विनंत्या ठेवतो.

पहिली, स्वतःसाठी. घरी गेल्यावर एका वहीत लिहा. आपली खाती कोणती, विमा कोणता, नॉमिनी कोण. आधार, बँक आणि पीएफ या तिन्हींवर नाव अक्षर न अक्षर सारखं आहे का ते पाहा. आपल्या मराठी नावांचा कानडी आणि इंग्रजीत जाता-येता फार छळ होतो. वडिलांचं नाव मध्ये येतं, आडनाव कधी गळतं, कधी पुढे सरकतं. ते आत्ता दुरुस्त होतं, हयातीच्या दाखल्याइतकं सोपं. माणूस गेल्यावर त्यालाच अकरा महिने लागतात.

दुसरी, आपल्या घरी राबणाऱ्यांसाठी. भांडीवाली, स्वयंपाकाची बाई, सोसायटीचा वॉचमन. बोनस देतो तेव्हा एक दिवस त्यांना बँकेत घेऊन जा. २० आणि ४३६ मिळून ४५६ रुपये. आपल्यातल्या पुष्कळांचं एका संध्याकाळचं हॉटेलचं बिल याहून जास्त होतं. ते पैसे आपण भरू शकतो. जीवन विम्यात पन्नाशीच्या आत शिरावं लागतं, म्हणून उशीर नको. कुणाची सासू ६५ च्या पुढची असेल तर नाडकचेरीत अर्ज कसा करायचा ते सांगा. आणि ज्यांचं दुकान, वर्कशॉप, केटरिंग आहे त्यांना हात जोडून सांगतो, यादीतली नावं मोजा. चलन बघून समाधान मानू नका. मी मानलं होतं.

तिसरी, मंडळासाठी. आपल्या उत्सवात आठ-दहा दिवस मांडववाले, डेकोरेशनवाले, आचारी, टेम्पोवाले राबतात. त्यांची नावं आपल्याला माहीत नसतात. आपल्याकडे बँकेतले निवृत्त लोक आहेत, एलआयसीतले आहेत, पोस्टातले आहेत. उत्सवात रोज संध्याकाळी दोन तास मांडवाच्या कडेला एक टेबल आणि दोन खुर्च्या टाकू. कुणीही यावं, आपले कागद दाखवावेत. फॉर्म आपण भरून देऊ. कानडी लिहिणारी आपली मुलं आहेतच, ती मदत करतील. वर्गणीतून एक पैसा लागणार नाही.

आमच्या दारात आलेले ते वेल्फेअर इन्स्पेक्टर पुढे मला कधी भेटले नाहीत. नोकरीला लागल्यावर मी मिरजेत चौकशी केली, तोवर ते निवृत्त होऊन गावी गेले होते. त्यांचे आभार मानायचे राहून गेले. ते त्या टेबलावर बसून मानावेत, असा माझा विचार आहे. पहिल्या दिवशी मी येतो. दुसऱ्या दिवशी कोण येणार, ते भाषण संपल्यावर सेक्रेटरींना सांगा.

 

गणपती बाप्पा मोरया!